नव्या जन्माची तारीख सांगता येत नाही तेव्हा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्रलेखिका २९ वर्षांच्या आहेत, पुण्यातल्या एका प्रसूतिगृहात परिचारिका. नगर जिल्ह्यातल्या गावी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळीत वाढल्या. तान्हेपणी बाप्तिस्मा, सोळाव्या वर्षी दृढीकरण (तो विश्वास स्वतःच्या तोंडाने कबूल करण्याचा विधी), रविवारची शाळा, प्रभुभोजन, सगळं रीतसर झालं. दोन वर्षांपासून त्या पुण्यातल्या एका स्वतंत्र फेलोशिपमध्ये जातात. तिथे साक्ष देताना, म्हणजे आपण विश्वासात कसे आलो ते सांगताना, प्रत्येक जण आपल्या नव्या जन्माची तारीख सांगतो. यांना ती सांगता येत नाही. सभेत तीनदा हात वर करून त्या पुढे गेल्या, पास्टरांच्या मागोमाग प्रार्थना म्हटली. शेजारचे रडत होते, यांना काहीच वाटलं नाही. आता त्याच फेलोशिपमधल्या एका घरातून स्थळ आलं आहे आणि अट अशी की लग्नाआधी पाण्यात बुडवून बाप्तिस्मा घ्यायचा, तोही पुढच्याच महिन्यात. आई विचारते, "मग आम्ही तुला तेव्हा देवळात बाप्तिस्म्याला नेलं ते खोटं का?" लेखिका विचारतात, "माझा नवा जन्म झालाच नसेल तर? पुन्हा बाप्तिस्मा घेतल्यावर तो होईल का? मी अजूनही बाळंतिणींवर ओरडते आणि मग रात्रभर झोप लागत नाही."

तुमच्या पत्रात 'तारीख' हा शब्द बारा वेळा आला आहे आणि 'येशू' दोनदा. हा टोमणा समजू नका. गेली दोन वर्षं तुमचं लक्ष कुठे खेचलं गेलंय, ते यातून दिसतं.

ज्या अध्यायावरून ही तारीख मागितली जाते, तोच आधी बघू. योहानाच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय. निकदेम हा परूशी, यहूद्यांचा अधिकारी, रात्री येशूकडे येतो. येशू त्याला सांगतो की नव्याने जन्मल्यावाचून कोणालाही देवाचं राज्य दिसत नाही. इथे मूळ ग्रीक शब्द आहे 'आनोथेन'. त्याचे अर्थ दोन, 'नव्याने' आणि 'वरून'. निकदेमाने पहिलाच धरला, म्हणून तो म्हातारपणी आईच्या उदरात कसं शिरायचं असं विचारत बसला. येशूचा भर दुसऱ्यावर आहे: हा जन्म वरून येतो, देवाकडून. पुढे तो वाऱ्याचा दाखला देतो. वारा हवा तिकडे वाहतो, त्याचा आवाज ऐकू येतो, पण तो कुठून आला आणि कुठे चालला ते कळत नाही. आत्म्यापासून जन्मलेल्या प्रत्येकाचं असंच आहे. म्हणजे ज्या भाषणातून 'नवा जन्म' हा शब्द आपण उचलला, त्याच भाषणात येशू म्हणतो की सुरुवात तुला दाखवता येणार नाही, आवाज मात्र ऐकू येईल. तारखेची सक्ती या अध्यायावर कशी उभी करता येते, मला कळलेलं नाही.

खुद्द निकदेमाचंच बघा. तो नव्याने कधी जन्मला, हे योहान कुठेच सांगत नाही. सातव्या अध्यायात तो सभेत येशूच्या बाजूने दबकत एक वाक्य बोलतो. एकोणिसाव्या अध्यायात, बाकीचे शिष्य पांगलेले असताना, तो गंधरस आणि अगरूचं मिश्रण घेऊन येशूच्या दफनासाठी उभा राहतो, आणि तेही आजच्या हिशोबाने तीस किलोंच्या वर. रात्री लपून आलेला माणूस एवढं ओझं घेऊन उजेडी येतो. या दोन प्रसंगांच्या मधे कुठेतरी काहीतरी झालं, एवढंच आपल्याला कळतं.

आपल्याकडे मागच्या पिढीतल्या कितीतरी लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो. शाळेत नाव घालताना खरी तारीख कोणाला ठाऊक नव्हती, गुरुजींनी १ जून लिहिली. पण म्हणून ती माणसं जन्मलीच नाहीत, असं कोणी म्हटल्याचं ऐकलंय? फेलोशिपमध्ये सांगितल्या जाणाऱ्या तारखांपैकी काही खऱ्या असतील, काही १ जूनच्या असतील. सतत विचारलं की माणूस एखादी तारीख नेमून टाकतो. त्यात लबाडी असतेच असं नाही. पण तुम्ही तशी नेमू नका.

आता या मुद्द्याची दुसरी बाजू, कारण तुमच्या फेलोशिपने चुकीच्या रीतीने का होईना, एक रास्त प्रश्न विचारला आहे. ख्रिस्ती घरात जन्मलो, म्हणून आपोआप देवाचं लेकरू झालो, हे योहानालाही मान्य नाही. पहिल्याच अध्यायात तो लिहितो की देवाची मुलं रक्तापासून किंवा माणसाच्या इच्छेपासून नव्हे, देवापासून जन्मतात. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. १९०७ मध्ये साक्ष लिहिताना त्यांनी कबूल केलं की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला उमगलं: ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. हे त्यांनी तान्हेपणीच्या नव्हे, स्वतः विचारपूर्वक घेतलेल्या बाप्तिस्म्याबद्दल लिहिलं आहे. म्हणजे पाणी कोणत्या वयात आणि किती खोल, यावर हा प्रश्न सुटत नाही. प्रौढपणी बुडून घेतलेला बाप्तिस्माही रिकामा राहू शकतो.

उलट टोकाचंही उदाहरण आहे. मेथडिस्ट चळवळ सुरू करणारे इंग्लिश धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांच्याकडे तारीख तर होतीच, वेळही होती: २४ मे १७३८, लंडनची आल्डर्सगेट स्ट्रीट, रात्री पावणेनऊच्या सुमारास. तोवर पाळक होऊन त्यांना दहा वर्षं झाली होती. तरी सात महिन्यांनी, जानेवारी १७३९ मध्ये, त्यांनी रोजनिशीत लिहिलं की मी आजही ख्रिस्ती नाही. तारीख हाताशी असून शंका गेली नाही. तुम्हाला वाटतं तारीख सापडली की झोप लागेल. तसं होत नाही.

तुमच्यासाठी मला सगळ्यात उपयोगी वाटतो तो प्रेषितांच्या कृत्यांचा सोळावा अध्याय. आज रात्री तो उघडा. सुरुवातीलाच तीमथ्य भेटतो. त्याची आई विश्वास ठेवणारी होती. दुसऱ्या तीमथ्याच्या पत्रात आजी लोईस आणि आई युनीके यांची नावंही आहेत, आणि बालपणापासून तुला शास्त्र माहीत आहे असं प्रेषित पौल त्याला लिहितो. तीमथ्याच्या मनपालटाचा प्रसंग, दिवस, अश्रू, काही काही नोंदलेलं नाही. मग फिलिप्पैमध्ये नदीकाठी लुदिया भेटते, जांभळी वस्त्रं विकणारी व्यापारी बाई. ती ऐकत बसलेली असते आणि प्रभू तिचं अंतःकरण उघडतो. आवाज नाही, धक्का नाही. त्याच गावात पुढे तुरुंगाचा अधिकारी: मध्यरात्र, भूकंप, हातात उपसलेली तलवार, "माझं तारण व्हावं म्हणून मी काय करू?" एकाच अध्यायात तीन माणसं, तीन रीती. लुदिया आणि तो अधिकारी तर एकाच गावच्या मंडळीतले. ती त्याला "तुझा भूकंप कधी झाला" असं विचारत बसली नसेल, आणि त्यानेही तिला "तुझा भूकंप झालाच नाही, मग तू आमच्यातली कशी" असं म्हटलं नसेल अशी आशा आहे. तुम्ही तीमथ्याच्या वळणाच्या आहात आणि तुरुंगाधिकाऱ्याची साक्ष पाठ करायला बघताय.

सभेत तीनदा हात वर केला त्याबद्दल. पास्टरांच्या मागोमाग ठरलेली प्रार्थना म्हणायची, हात वर करायचा, पुढे यायचं, ही पद्धत बायबलात या रूपात नाही. अमेरिकेत १८३० च्या दशकात धर्मोपदेशक चार्ल्स फिनी यांच्या संजीवन सभांमध्ये (विश्वास जागवण्यासाठीच्या मोठ्या सभांमध्ये), चिंतित लोकांनी पुढच्या बाकावर येऊन बसायचं या रूपात, तिचा मोठा प्रसार झाला. ती वाईट म्हणून मी सांगत नाही. पुष्कळांना त्यातून वाट सापडली आहे. पण तुमच्या बाबतीत बिघडलं ते असं: पहिल्यांदा काही वाटलं नाही, म्हणून तुम्ही समजलात की आपण प्रार्थना नीट म्हटली नाही. दुसऱ्यांदा जास्त जोर लावला. तिसऱ्यांदा रडायचा प्रयत्न केला, असं तुम्हीच लिहिलंय. इथे कृपेची मजुरी झाली. रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल नेमकं हेच सांगतो: काम करणाऱ्याला मजुरी मिळते ती कृपा म्हणून नव्हे, देणं म्हणून. इफिसकरांच्या दुसऱ्या अध्यायात तारण हे देवाचं दान आहे, तुमच्या हातून झालेलं नाही. दान घेणाऱ्याने हात किती उंच केला यावर दान ठरत नसतं. चौथ्यांदा पुढे जाऊ नका.

आणखी एक गोंधळ आपल्या भाषेमुळे होतो. मराठीत 'पुनर्जन्म' म्हटलं की कर्माचा हिशोब आणि मेल्यानंतरचा दुसरा देह डोळ्यापुढे येतो. मंडळीत म्हणूनच 'नवा जन्म' म्हणतात, तरी मागचा हिशोब मनातून सुटत नाही: नवा जन्म मिळाला, म्हणजे जुनं सगळं एका झटक्यात गेलं पाहिजे, राग आला म्हणजे जन्म मिळालेला नाही. ख्रिस्ती शिकवणीत या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. नवा जन्म आणि देवापुढे नीतिमान ठरणं हे देवाचं काम, एकदाचं. पवित्रीकरण, म्हणजे स्वभाव हळूहळू ख्रिस्तासारखा होत जाणं, जन्मभर चालणारं. विश्वास ठेवणाऱ्यांनाच लिहिलेल्या पहिल्या पत्रात योहान म्हणतो की आपल्या ठायी पाप नाही असं म्हटलं तर आपण स्वतःलाच फसवतो.

तुम्ही प्रसूतिगृहात काम करता, म्हणून तुमच्याच कामातली गोष्ट घ्या. बाळ बाहेर आल्यावर पहिल्या मिनिटाला आणि पाचव्या मिनिटाला तुम्ही अ‍ॅपगार गुण देता: रंग, नाडी, चिमटीला प्रतिसाद, हातापायांतला जोर, श्वास, प्रत्येकाला ० ते २. बाळाला चार गुण पडले तर तुम्ही काय करता? त्याला ऊब देता, नाकातोंडातला चिकटा काढता, श्वासाला मदत करता. 'हे जन्मलंच नाही' असं लिहून बाजूला ठेवत नाही. योहानाच्या त्याच पत्रात जिवंतपणाच्या अशाच खुणा आहेत: येशू हा ख्रिस्त आहे असा विश्वास, त्याच्या आज्ञा पाळायची ओढ, आणि भावाबहिणींवर प्रीती. गलतीकरांच्या पाचव्या अध्यायात आत्म्याच्या फळाची नऊ रूपं दिली आहेत, त्यांत सहनशीलता आणि सौम्यता आहेत. तुमचे गुण तिथे कमी पडतात. ठीक आहे. तिथे मदत लागणार. पण ओरडल्यावर तुम्हाला झोप लागत नाही. ज्यांना आपल्या ओरडण्याचं काहीच वाटत नाही, त्यांच्याविषयी मला जास्त काळजी वाटते.

मात्र झोपेचं वेगळं बघा. दोन-तीन आठवड्यांहून जास्त काळ रात्रीची झोप उडत असेल, तीच प्रार्थना 'नीट झाली नाही' म्हणून पुन्हा पुन्हा म्हणावीशी वाटत असेल, एकच पाप दहादा कबूल करूनही मन मोकळं होत नसेल, तर हा नेहमी विश्वासाचाच प्रश्न असतो असं नाही. धार्मिक शंका घेऊन येणारा मंत्रचळ मानसोपचारतज्ज्ञ ओळखतात आणि त्यावर उपचारही आहेत. सरकारची टेलिमानस ही मोफत मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते. डॉक्टरांकडे जाणं हा विश्वासातला कमीपणा नव्हे, हे परिचारिकेला सांगायची गरज नसावी, पण सांगून ठेवतो.

आता बाप्तिस्मा. इथे मंडळ्यांमध्ये खरोखरच मतभेद आहेत आणि दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसं आहेत. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, लुथरन, अँग्लिकन परंपरा तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देतात. कृपा आधी येते, आपला प्रतिसाद मागून, असा त्यांचा विचार. बाप्टिस्ट आणि बहुतेक स्वतंत्र फेलोशिप म्हणतात की आधी स्वतःचा विश्वास, मग पाणी. तुमची स्वतःची मंडळी या वादात मधोमध उभी आहे, हे कदाचित तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात स्थापन झालं, ते सहा मंडळ्या एकत्र येऊन. त्यांत अँग्लिकन होते तसे बाप्टिस्ट आणि ब्रदरनही होते. म्हणून तिथे बालबाप्तिस्मा आणि प्रौढांचा बाप्तिस्मा या दोन्ही रीती मान्य आहेत. मान्य नाही ते एकाच माणसाला दोनदा बाप्तिस्मा देणं. १९८२ मध्ये पेरूतल्या लिमा इथे अनेक परंपरांच्या धर्मपंडितांनी मिळून जो मसुदा केला, त्यातही बाप्तिस्मा पुन्हा न करण्याची गोष्ट आहे असंच म्हटलं आहे.

फेलोशिपवाले तुम्हाला कृत्यांचा एकोणिसावा अध्याय दाखवतील: इफिसात पौलाला भेटलेल्या सुमारे बारा जणांचा पुन्हा बाप्तिस्मा झाला. तो नीट वाचा. त्यांचा आधीचा बाप्तिस्मा बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा होता, येशूच्या नावाने झालेला नव्हता. तुमचा पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने झाला. दोन्ही सारखे नाहीत.

माझं मत विचारत असाल तर पुढच्या महिन्यात बाप्तिस्मा घेऊ नका. पुढे कधीच घेऊ नका, असं मी म्हणत नाही. शास्त्र वाचून, विचार करून तान्हेपणीचा बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हता अशी तुमची खात्री पटली, तर ती तुमच्या सदसद्विवेकाची गोष्ट. तेव्हा आईला समोर बसवून सांगा आणि मगच जा. पण आज तुम्ही जाताय ती दोन कारणांनी: पाण्यातून वर आल्यावर काहीतरी वाटेल म्हणून, आणि लग्न जमावं म्हणून. पहिल्याने चौथ्यांदा हात वर केल्यासारखं होईल. दुसऱ्याने बाप्तिस्मा हा लग्नाच्या कागदपत्रांतला एक कागद होईल, आणि हे त्या फेलोशिपच्या शिकवणीलाही धरून नाही, कारण बाप्तिस्मा विश्वासाने घ्यायचा, दबावाने नाही, असं तेच शिकवतात. मुलाला हेच विचारा, एकट्याला गाठून: "मी खात्री नसताना पाण्यात उतरले तर तुम्हाला चालेल का?" चालेल म्हणाला, तर त्याला नव्या जन्माचं फारसं पडलेलं नाही, घरच्यांचं पडलंय. थांबू म्हणाला, तर स्थळ चांगलं असावं. आणखी एक गोष्ट आत्ताच विचारून ठेवा: लग्न कोणत्या मंडळीत, मुलं झाली तर त्यांचा बाप्तिस्मा कधी. तुमच्यात आणि आईमध्ये चाललेला वाद पंचवीस वर्षांनी तुमच्या घरात पुन्हा उभा राहायला नको.

मधल्या काळात रोज योहानाचा एक अध्याय वाचा. २१ अध्याय, तीन आठवडे. मग त्याचं पहिलं पत्र, पाच दिवस. वाचताना 'मला काय वाटतंय' हे लिहू नका, 'येशू इथे काय करतोय' एवढी एक ओळ लिहा. लक्ष स्वतःच्या छातीवरून हलवायचं आहे. पहिले चार-पाच दिवस कोरडे जातील, त्याने थांबू नका.

वॉर्डातल्या रागाचं रात्री देवाजवळ रडून भागणार नाही. जिच्यावर ओरडलात ती बाळंतीण अजून खाटेवर असेल तर दुसऱ्या पाळीत जाऊन "काल माझं चुकलं" म्हणा. बायबलातल्या जक्कय या जकातदाराचं तारण झालं तेव्हा त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत द्यायचं कबूल केलं. पालट त्याच्या हिशोबाच्या वहीत दिसला. तुमचा तुमच्या पाळीत दिसेल. राग नेमका केव्हा येतो तेही बघा. लागोपाठ तिसऱ्या रात्रपाळीनंतर येत असेल, तर प्रार्थनेबरोबर पाळ्यांच्या वेळापत्रकाविषयीही बोलावं लागेल.

साक्ष द्यायची वेळ आली तर तारखेशिवाय द्या. एका पानावर तीन परिच्छेद लिहा: विश्वास माझ्यापर्यंत कोणाच्या हातून आला, आज मी कोणावर आणि कशासाठी विसंबते, आणि सध्या देव माझ्यात कुठे काम करतोय. तिसऱ्यात ओरडण्याचा उल्लेख असू द्या. पाच मिनिटांची ही साक्ष लोक निमूट ऐकतात, कारण तशी साक्ष क्वचितच ऐकायला मिळते. "पण तारीख?" असं कोणी विचारलंच, तर "ख्रिस्त माझ्यासाठी मेला आणि उठला ती माझी तारीख" एवढं म्हणून खाली बसा. वाद घालू नका.

गावी जाल तेव्हा पाळकसाहेबांना भेटा. त्यांना विचारा की ईस्टरच्या उपासनेत बाप्तिस्म्याची वचनं पुन्हा उच्चारण्याची संधी आपल्या मंडळीत आहे का. पुष्कळ मंडळ्यांत असते. तान्हेपणी आईवडिलांनी तुमच्या वतीने जे कबूल केलं, ते २९ व्या वर्षी स्वतःच्या तोंडाने म्हणायचं, पुन्हा पाणी न घेता. दृढीकरणाला सोळाव्या वर्षी हे केलं होतंत, पण तेव्हा बहुधा नवीन कपड्यांकडे लक्ष जास्त असतं.

आणि बाप्तिस्म्याचं रजिस्टर काढून बघा. तुमचं नाव, आईवडिलांची नावं, पाळकांची सही आणि एक तारीख तिथे असेल. आईला बरोबर न्या, आणि त्या दिवशी काय काय झालं, तुम्ही रडलात की झोपलात, हे तिला सांगू द्या.